आयरिश आणि स्कँडिनेव्हियन आडनावं कशी उकलायची: अर्थाकडे सगळ्यात शेवटी जा

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आडनाव टाइप करायचं, पुढे 'अर्थ' लिहायचं, पहिल्याच साइटवर 'समुद्रावरचा योद्धा' वगैरे काहीतरी भारी दिसतं, स्क्रीनशॉट काढायचा आणि ज्याचं आडनाव आहे त्याला पाठवायचा, झालं काम. आयरिश आणि स्कँडिनेव्हियन आडनावांच्या बाबतीत ही पद्धत हमखास तोंडघशी पाडते. आयर्लंडमधल्या स्मिथचे पूर्वज अस्सल गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, असू शकतात, मॅकमॅनसच्या पोटात व्हायकिंग नाव लपलेलं असतं, आणि बुद्धिबळवाल्या मॅग्नस कार्लसनच्या वडिलांचं नाव कार्ल नाही, हेन्रिक आहे.

डब्लिन, कोपनहेगन, स्टॉकहोमला नोकरीला असलेल्यांना रोज ही नावं ईमेलमध्ये दिसतात, अमेरिकेतल्यांचा एखादा मित्र 'माझी पणजी नॉर्वेची' म्हणून सांगत असतो, आणि घरबसल्या फुटबॉल बघणाऱ्यांना ओडेगार्ड, हालांड तोंडपाठ असतात. तुम्ही कुठल्याही गटातले असा, पद्धत एकच.

पायरी १: आडनाव कधी गोठलं ते बघा

आडनाव म्हणजे बापाकडून पोराकडे न बदलता जाणारं नाव. ही पद्धत कुठल्या देशात कधी आली यावर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून साल आधी, शब्द नंतर.

आयर्लंड याबाबतीत युरोपात बरंच पुढे होतं. दहाव्या-अकराव्या शतकातच तिथे घराण्याची आडनावं पक्की व्हायला लागली. ९१६ साली वारलेल्या एका ओ क्लेरी सरदाराची नोंद जुन्या बखरींमध्ये आहे, आणि क्लॉनटार्फच्या लढाईत १०१४ साली मारला गेलेला राजा ब्रायन बोरू, त्याच्या वंशजांचे पुढे ओब्रायन झाले.

स्कँडिनेव्हियात चित्र एकदम उलटं. सामान्य माणसाला आडनावच नव्हतं, बापाचं नाव लावायचे आणि ते दर पिढीला बदलायचं. हे थांबवलं सरकारी कायद्यांनी. डेन्मार्कमध्ये सरदार घराण्यांसाठी १५२६ मध्ये, सामान्यांसाठी १८२८ मध्ये हुकूम निघाला, पण खेड्यापाड्यातल्या लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही म्हणून १८५६ मध्ये परत कायदा करावा लागला. स्वीडनमध्ये १९०१, नॉर्वेत तर थेट १९२३. आणि आइसलँडमध्ये अजूनही नाही, तिकडे १९२५ च्या कायद्याने उलट नवीन कौटुंबिक आडनावं घ्यायलाच बंदी घातली.

त्यामुळे कामाची सूत्रं दोन. आयरिश आडनाव जुनं आहे पण मधल्या काळात इंग्रजीत त्याची मोडतोड झालीय, ते आधी दुरुस्त करायचं. स्कँडिनेव्हियन आडनाव बहुतेकदा शंभर-दोनशे वर्षांचं आहे, ते कुठल्या पिढीत गोठलं ते शोधायचं. या दोन गोष्टींची अदलाबदल केली की सगळंच फिसकटतं.

पायरी २: आयरिश नावाचं पहिलं अक्षर

'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. पण ओनील म्हणजे आजच्या माणसाचा आजा नील असं नाही हां, हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी नीलचा वंशज. ओ नंतर इंग्रजीत जो वरचा स्वल्पविराम देतात तो मुळात आयरिश नाहीच. आयरिशमध्ये त्या ओ वर एक तिरकी रेघ असते, इंग्रजी लिखाणात त्या जागी स्वल्पविराम आला, आणि आता तोच स्वल्पविराम बघून विमान कंपन्यांचे फॉर्म 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' म्हणून ओरडतात. डेटाबेसमध्ये शोधताना स्वल्पविरामासकट, स्वल्पविरामाशिवाय आणि ओ काढून, असं तिन्ही प्रकारे शोधायचं.

'मॅक' पूर्ण लिहिलं तर स्कॉटिश आणि 'एमसी' लिहिलं तर आयरिश, असं ठासून सांगणारे खूप भेटतील. काही अर्थ नाही त्याला. दुसरं हे पहिल्याचंच लघुरूप आहे, दोन्ही देशांत दोन्ही चालतं.

बायकांच्या नावाचा नियम वेगळा आणि इथे परदेशी माणूस नक्की गोंधळतो. आयरिश भाषेत मुलगी 'ओ' लावत नाही, 'नी' लावते, आणि 'मॅक' ऐवजी 'निक'. शिवाय पुढच्या अक्षराचा उच्चार मऊ होतो. गायिका एन्याचं घर यासाठी उत्तम उदाहरण आहे, इंग्रजीत सगळे ब्रेनन, पण आयरिशमध्ये भाऊ ओ ब्रीनॉन आणि बहिणी नी व्रीनॉन. म्हणजे ब चा व झाला. लग्नानंतर नवऱ्याचं नाव घेतलंच तर तिसरंच रूप, ओ च्या जागी 'ई' आणि मॅक च्या जागी 'विक'. डब्लिनमध्ये एखाद्या घराच्या आयरिशमधल्या नावांत तीन वेगवेगळ्या सुरुवाती दिसल्या तर तीन घराणी समजू नका.

आता ज्या नावांना ओ-मॅक काहीच नाही, मर्फी, केली, बर्न, रायन, त्यांचं काय? मुळात बहुतेकांना होतं. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजी सत्तेखाली आयरिश दिसणं तोट्याचं होतं तेव्हा ते गळून पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश भाषेची चळवळ उभी राहिली, १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, आणि मग काही घराण्यांनी ओ परत लावला, काहींनी नाही. सलिव्हन आणि ओसलिव्हन म्हणूनच एक आहेत. पणजोबा सलिव्हन आणि पणतू ओसलिव्हन असं कागदोपत्री दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

पायरी ३: इंग्रजी साल सोलून आतलं आयरिश नाव काढा

हा सगळ्यात वेळखाऊ भाग आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मजेचाही. १४६५ मध्ये डब्लिन, मीद, लाउथ, किल्डेअर या भागातल्या आयरिश लोकांसाठी इंग्रजी सत्तेने कायदा केला की इंग्रजी आडनाव घ्या, एखाद्या गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं. म्हणजे व्हाइट, ब्लॅक, ब्राउन, स्मिथ, कुक, बटलर. सगळ्यांनी लगेच ऐकलं असं नाही, पण पुढच्या तीन-चारशे वर्षांत आयरिश नाव इंग्रजी कारकुनाच्या वहीत कसं जायचं याचे तीन रस्ते तयार झाले.

पहिला रस्ता, ऐकू आलं तसं लिहिणं. ओ ब्रिनचं बर्न, ओ मुरखूचं मर्फी. सोपं.

दुसरा रस्ता, भाषांतर. लोहाराच्या मुलाचं आयरिश आडनाव काही ठिकाणी मॅकगोवन राहिलं, पण कॅव्हन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) त्याचं सरळ स्मिथ झालं. म्हणून कॅव्हनचा स्मिथ दिसला की इंग्लंडकडे धावू नका. क्लार्कही तसंच, आयर्लंडमधले बरेच क्लार्क हे तेच वर सांगितलेले ओ क्लेरी.

तिसरा रस्ता, चुकीचं किंवा ओढूनताणून भाषांतर, आणि इथे खरी धमाल आहे. गॉलवेकडच्या मॅक कॉनरी लोकांचं काहींनी कॉनरॉय केलं, पण शेवटचा 'री' म्हणजे आयरिशमध्ये राजा, मग काहींचं झालं किंग! राजघराण्याशी संबंध शून्य. ओ ड्राइनॉनमध्ये काटेरी झुडपाचा शब्द ऐकू आला म्हणून त्यांचं थॉर्नटन झालं, जे वास्तविक इंग्लंडमधल्या गावांचं नाव आहे. ह्यूज आणि हेज ही दोन वेगळी दिसणारी नावं कित्येकदा एकाच ओ हे या नावाची दोन इंग्रजी रूपं असतात. कॉलिन्स इंग्लंडमध्ये निकोलसपासून येतं पण कॉर्क-लिमरिकमध्ये ते ओ कॉलॉन, तिथे अर्थ कुत्र्याचं पिल्लू. लिंच दोन प्रकारचे, गॉलवे शहरातले व्यापारी लिंच नॉर्मन (बाराव्या शतकात इंग्लंड-वेल्समार्गे आलेले फ्रेंच बोलणारे लोक), बाकी बरेचसे गेलिक ओ लिंगशी, म्हणजे दर्यावर्दी.

मग ओळखायचं कसं? काउंटीवरून. नावापेक्षा काउंटी जास्त बोलते. गॅलाघर, डोहर्टी म्हटलं की डोनेगॉल, ओसलिव्हन आणि मॅकार्थी म्हटलं की कॉर्क-केरी, रायन टिपरेरी, रायली कॅव्हन, मग्वायर फर्मनाह, बर्न विकलो. हे बघायला ग्रिफिथचं व्हॅल्युएशन वापरा, १८४७ ते १८६४ दरम्यान घरं आणि जमिनींवर कर बसवण्यासाठी झालेली पाहणी, कुठल्या गावात कुठल्या नावाची किती घरं ते त्यातून कळतं आणि ऑनलाइन फुकट आहे. दुष्काळाच्या आणि स्थलांतराच्या काळातली असल्यामुळे ती आणखी मोलाची.

पायरी ४: आत गेल माणूस आहे, व्हायकिंग, नॉर्मन की नंतर आलेला?

नववं शतक आयर्लंडमध्ये व्हायकिंगांनी गाजवलं, डब्लिन हे त्यांचंच वसवलेलं शहर. त्यांची माणसं आयरिश समाजात मुरली आणि नावंही. डॉयल म्हणजे 'काळा परका', हा शब्द डेनिश व्हायकिंगांसाठी वापरत. मॅकऑलिफमध्ये ओलाफ आहे, कॉटरमध्ये ओत्तार, लीट्रिमच्या रेनल्ड्समध्ये रोगनवाल्ड. मॅकलॉक्लिनमधलं लॉक्लिन म्हणजे उत्तरेकडच्या लोकांचा देश.

पण नॉर्स, म्हणजे जुनं स्कँडिनेव्हियन, नाव म्हणजे व्हायकिंग रक्त असा हिशोब करू नका. फर्मनाहचे मॅकमॅनस घ्या. मॅग्नस हे नाव स्कँडिनेव्हियन राजांचं, आणि त्यांनीही ते फ्रँक सम्राट शार्लमेनच्या 'कारोलस मॅग्नस' या लॅटिन बिरुदावरून उचललेलं. फर्मनाहचे मॅकमॅनस मात्र अस्सल गेलिक मग्वायर घराण्याची शाखा आहेत, त्यांच्या एका पूर्वजाचं नाव मॅग्नस ठेवलं होतं एवढंच. लॅटिन शब्द, नॉर्स राजा, आयरिश घराणं आणि आज न्यूयॉर्कमधला कुणीतरी मॅकमॅनस, ही साखळी मला व्यक्तिशः 'व्हायकिंग वंशज' वाल्या कॉफीमग आणि टीशर्टपेक्षा कितीतरी जास्त आवडते.

११६९ पासून नॉर्मन आले. 'फिट्झ' हा त्यांच्या फ्रेंचमधला मुलगा, म्हणून फिट्झजेराल्ड. बर्क, पॉवर, रोश, जॉइस हेही त्यांच्याबरोबरचे. वॉल्श म्हणजे वेल्सचा, आयरिश लोकांनी बाहेरून आलेल्यांना दिलेलं नाव, आणि ते एका घराण्याचं नाही, अनेक ठिकाणी अनेकांना चिकटलं. इथे एक अपवाद पाठ करून ठेवा, फिट्झपॅट्रिक. दिसायला नॉर्मन, आतून पूर्ण गेलिक: मॅक गिला फाड्रिग, संत पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा. 'गिला' म्हणजे सेवक, भक्त. गिलमोरमध्ये मेरीचा भक्त आहे, किलब्राइडमध्ये ब्रिजिडचा. तसाच 'मील' हा शब्द, मुळात टक्कल किंवा मुंडण, त्यावरून भक्त, म्हणून मलोन म्हणजे संत जॉनचा भक्त. उलट दिशेचं उदाहरण कॉस्टेलो. ते मूळचे नॉर्मन, पण त्यांनीच आयरिश पद्धतीचं मॅक लावलेलं नाव घेतलं.

सतराव्या शतकात अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, स्कॉटलंड-इंग्लंडहून लोक आणून वसवले गेले. तिथल्या विल्सन, थॉम्पसन, कॅम्पबेलकडे त्या नजरेने बघा. अल्स्टरचा स्मिथ मॅकगोवन आहे की वसाहतवाला, हे नुसत्या नावावरून कळत नाही. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत धर्म-पंथाचा रकाना आहे, तो बघा, पुरावा नव्हे पण इशारा चांगला मिळतो.

हेही लक्षात घ्या की आयरिश आडनावं गावावरून पडलेली फार कमी. ती माणसावरून पडतात, नाहीतर धंद्यावरून: वॉर्ड म्हणजे भाटाचा मुलगा, हिकी म्हणजे वैद्याचा वंशज, आणि हिकी खरोखरच पिढीजात वैद्य होते. गंमत म्हणजे २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं आडनाव मात्र शंभर टक्के गावावरचं, मालवण तालुक्यातल्या वराडचं.

पायरी ५: '-सन' दिसलं की विचारा, खरंच बापाचं नाव आहे का?

आता उत्तरेकडे. डेन्मार्क-नॉर्वेत शेवट 'सेन', स्वीडन-आइसलँडमध्ये शेवट 'सोन', इंग्रजीत लिहिताना सेनमध्ये ई आणि सोनमध्ये ओ, स्वीडिश नावात बहुधा दोन एस. मराठीत आपण सगळ्यांनाच 'सन' म्हणून मोकळे होतो, पण शोधताना हा फरक देश सांगतो. मुलींना 'दातर', 'दोत्तर', 'दोत्तिर'. लग्नानंतर बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आयुष्यभर बापाचीच मुलगी म्हणून नोंद.

कायदा यायच्या आधीच्या नोंदीत येन्स नील्सन दिसला तर त्याच्या बापाचं नाव नील्स होतं, सरळ हिशोब. त्याचा मुलगा पीटर असेल तर तो पीटर येन्सन. कायदा आल्यावर तेवढ्यावर गाडी थांबली आणि ज्या पिढीत थांबली त्या पिढीचं नाव सगळ्यांना चिकटलं, मुलींनासुद्धा, म्हणून कुणीतरी अ‍ॅना 'येन्सचा मुलगा' असं नाव लावून फिरायला लागली. डेन्मार्कमध्ये ठराविक पाच-पंधरा नावं बाप लोकांना असल्यामुळे नील्सन, येन्सन, हॅन्सन यांचा सुळसुळाट झाला. १९९३ ते २०११ मध्ये सलग तीन पंतप्रधान रासमुसेन होते आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही! डेनिश लोक त्यांना मधल्या नावाने ओळखतात, न्यूरुप, फोग आणि लोके. डेनिश माणसाचं मधलं नाव म्हणूनच कधी गाळू नका, बऱ्याचदा खरी ओळख तिथे असते.

२०१३ मध्ये चेन्नईत कार्लसन आणि आनंदची जगज्जेतेपदाची लढत झाली. तिथे बापाचं नाव खरोखर लावणारा एकच होता, विश्वनाथन आनंद, विश्वनाथन हे त्याच्या वडिलांचं नाव. कार्लसनमधला कार्ल केव्हाच थिजलेला.

पायरी ६: नॉर्वेत आडनाव नव्हे, शेताचा पत्ता वाचा

नॉर्वे माझ्या मते सगळ्यात रोचक. जुन्या नोंदीत नाव तीन तुकड्यांचं असतं: उले हॅन्सन हाउगेन. उले हे स्वतःचं नाव, बाप हॅन्स, आणि हाउगेन म्हणजे तो राहतो ते शेत, अर्थ 'टेकडी'. हाच उले उद्या बाकेन नावाच्या शेतावर राहायला गेला तर तो उले हॅन्सन बाकेन. बायकोच्या शेतावर घरजावई गेला तर तिच्या शेताचं नाव त्याला. आपल्याकडचा '-कर' गाव सोडून चार पिढ्या मुंबईत राहिला तरी त्या गावचाच राहतो, नॉर्वेचा माणूस शेत बदललं की नावही बदलायचा. शेतावर राबणारे कूळ-मजूरही तेच नाव लावायचे, त्यामुळे एकाच शेताचं नाव म्हणजे एकच रक्त असं अजिबात नाही.

शेपट्या ओळखायला शिका. 'रुड' म्हणजे जंगल तोडून काढलेली जागा, पूर्व नॉर्वेत भरपूर. 'विक' म्हणजे खाडी, 'दाल' दरी, 'हेइम' घर-वस्ती आणि हे फार जुन्या शेतांना असतं, 'लांड' म्हणजे जमीन, आठवा हालांड. आणि ओडेगार्ड म्हणजे ओसाड पडलेलं शेत. १३४९ मध्ये नॉर्वेत प्लेग आला, इतकी माणसं मेली की शेतंच्या शेतं मोकळी पडली, आणि ती नंतर पुन्हा कसायला घेतली तेव्हा हेच नाव राहिलं. आर्सेनलच्या कॅप्टनच्या जर्सीवर एवढं सगळं लिहिलंय. ओडेगार्ड नावाची शेतं देशभर असल्यामुळे यावरून गाव मात्र कळणार नाही. डेन्मार्कमध्येही असं सापडतं, तत्त्वज्ञ किर्केगार्द यांचं आडनाव चर्चला लागून असलेल्या शेतावरून.

शेताच्या नावाचा अर्थ हवा असेल तर उलुफ रूग यांचा 'नॉर्वेची शेतनावं' हा अनेक खंडांचा ग्रंथ इंटरनेटवर शोधता येतो, तिथे काउंटी, परगणा, जुनी स्पेलिंगं सगळं आहे. त्या भागाचं 'बीग्डेबोक' मिळालं तर सोन्याहून पिवळं, एका परिसरातल्या एकेका शेतावर कोण कोण राहून गेलं याची ती पुस्तकं.

पायरी ७: स्वीडनची सुंदर नावं सुंदरच असतात, खरी असतीलच असं नाही

लिंडबर्ग म्हणजे लिंडन झाडाची टेकडी. बर्गस्ट्रॉम टेकडी-ओढा. लुंडग्रेन राई-फांदी. आता कोण राहत होतं 'टेकडी-ओढ्यावर'? कोणीच नाही. शहरात आलेले कारागीर-व्यापारी आणि नंतर सगळेच, निसर्गातले दोन शब्द जोडून नाव बनवायचे, ऐकायला छान म्हणून. कधीकधी एखादा तुकडा गावाच्या नावातून घेतलेला असतो, पण दोन्ही तुकड्यांचा मिळून अर्थ काढत बसू नका.

एका शब्दाची, कडक नावं दिसली तर शिपाई शोधा. १६८२ पासून राजा अकरावा कार्ल याने गावागावांनी मिळून एक शिपाई पोसायची पद्धत लावली. एका तुकडीत दहा अँडर्स अँडरसन असले तर हाक मारायची कोणाला, म्हणून प्रत्येकाला छोटं नाव: रास्क म्हणजे चपळ, मूडिग शूर, स्वार्ड तलवार, श्योल्ड ढाल. नाव बऱ्याचदा शिपायाच्या झोपडीबरोबर जायचं, हा गेला की पुढचा आला त्यालाही तेच. दोन रास्क म्हणून नातेवाईक नसतात, फार तर एकाच झोपडीत पाठोपाठ राहिलेले असतात.

पाद्री आणि विद्यापीठवाले लॅटिन-ग्रीक करून घ्यायचे. सेल्सियस हे हॉगेन, म्हणजे 'उंचवटा', या जागेच्या नावाचं लॅटिन. नोबेल हे दक्षिण स्वीडनमधल्या स्कोनेतल्या नॉबेलॉव्ह गावावरून, आधी नोबेलियस. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस! त्याचे वडील नील्स इंगेमारसन विद्यापीठात गेले तेव्हा आडनाव हवं झालं, घरच्या जमिनीवर एक प्रचंड लिंडन वृक्ष होता त्यावरून त्यांनी लिनेयस केलं. त्याच झाडावरून नातलगांपैकी कुणी लिंडेलियस झाले, कुणी लॅटिनमधल्या 'टिलिया' वरून टिलिअँडर. एकच झाड, तीन आडनावं. नाव जुळत नाही म्हणून नातं नाही असं म्हणणाऱ्यांना हे दाखवायचं.

पायरी ८: आइसलँडमध्ये आडनाव शोधूच नका

थोडक्यात आटपतो. गायिका ब्यर्क गुदमुंड्सदोत्तिर म्हणजे गुदमुंडुरची मुलगी, तिला 'मिस गुदमुंड्सदोत्तिर' म्हणायचं नाही, ब्यर्कच म्हणायचं, राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावाने. फोनबुकही पहिल्या नावाने लावलेलं असायचं. एका घरात आई, बाप, मुलगा, मुलगी अशी चार वेगळी शेवटची नावं असू शकतात. आईचं नावही चालतं, फुटबॉलपटू हेदार हेल्गुसन हा हेल्गाचा मुलगा. २०१९ च्या कायद्यानंतर लिंगनोंद तटस्थ असलेल्यांना मुलगा-मुलगी न लावता 'बुर', म्हणजे अपत्य, हाही पर्याय आहे.

पायरी ९: कागदात उतरा

आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत. त्याआधीच्या जवळजवळ गेल्याच, काही सरकारने स्वतः नष्ट केल्या आणि काही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये यादवी युद्धात लागलेल्या आगीत जळाल्या. जन्म-मृत्यूची सगळ्यांची सरकारी नोंदणी १८६४ पासून. त्यामागे जायचं तर चर्चच्या वह्या, कॅथलिक वह्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन टाकलीत. स्पेलिंग पाच प्रकारे शोधा, त्याच माणसाचं दोन कागदांत दोन स्पेलिंग हे तिथे नेहमीचंच आहे.

स्कँडिनेव्हियात आडनाव टाकून शोधणं म्हणजे वेळ घालवणं. तिथे चावी वेगळी: पहिलं नाव, जन्मतारीख, शेत आणि चर्चचा परगणा. आयकिया हे नाव बघा, इंगवार काम्प्राड, एल्मटारुड शेत, आगुन्नारुड परगणा, या चार आद्याक्षरांचं. कंपनीच्या नावातच माणूस शोधायची पूर्ण पद्धत आहे. स्वीडनमध्ये पाद्री घरोघर जाऊन लोकांना धर्मशिक्षण किती येतं ते तपासायचे, त्या वह्यांमध्ये अख्खं कुटुंब, जन्मतारखा, कुठून आले, कुठे गेले हे सगळं सापडतं. नॉर्वेची १८०१, १८६५, १९००, १९१० ची जनगणना डिजिटल अभिलेखागारात आहे, डेन्मार्कची १७८७ पासूनची. अक्षरांकडे लक्ष द्या: वर वर्तुळ असलेला ए जुन्या लिखाणात दोन ए असा येतो आणि तो वर्णमालेत शेवटी लागतो, तिरक्या रेघेचा ओ अमेरिकेत नुसता ओ होऊन जातो.

अमेरिकेच्या बाजूने मागे येत असाल तर 'एलिस आयलंडवर अधिकाऱ्याने नाव बदललं' ही कौटुंबिक दंतकथा बाजूला ठेवा. तिथले कारकून जहाजाच्या यादीवरून नाव ताडून बघत होते. नावं बदलली लोकांनीच, नंतर, सोयीने. नॉर्वेहून गेलेल्या दोन भावांपैकी एक हॅन्सन आणि एक हाउगेन झाला असेल तर ते त्यांनी स्वतः निवडलेलं असतं.

पायरी १०: आता अर्थ बघा

आता आयरिश नावासाठी एडवर्ड मॅकलायसाट यांचं आडनावांवरचं काम बघा, त्यांचा गुण असा की खात्री नसेल तिथे ते खात्री नाही असं लिहितात. कारण भांडणं आहेतच. केलीचा अर्थ 'झगडा' की 'देवळात जाणारा' यावर एकमत नाही. केनेडी म्हणजे 'शिरस्त्राणाचं डोकं' की 'कुरूप डोकं', दोन्ही सांगतात, आणि भेटवस्तूंच्या दुकानात कुठला अर्थ छापतात ते सांगायला नको. त्याच दुकानांत 'तुमच्या घराण्याचं मानचिन्ह' म्हणून ढालीचं चित्र विकतात, तेही घेऊ नका, किंवा शोभेला म्हणून घ्या. मानचिन्ह एखाद्या माणसाला आणि त्याच्या थेट वंशजांना दिलेलं असतं, आडनावाला नाही, आणि जगातल्या सगळ्या मर्फींचं मिळून एक मानचिन्ह असणं शक्यच नाही, कारण ते सगळे एका मर्फीचे वंशज नाहीत. वेक्सफर्डचे वेगळे, कॉर्कचे वेगळे.